फोटोची उचल कुणाकडून घ्यायची?

बीड जिल्ह्यात 'उचल' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हंगामाच्या आधी मुकादम पैसे देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि मग त्या कोयत्याने कुठल्या फडावर जायचं, पहाटे किती वाजता उठायचं, दुखलं-खुपलं तर सुट्टी घ्यायची की नाही, हे सगळं मुकादम ठरवतो. पैसे आधी हातात येतात म्हणून ते उपकारासारखे वाटतात. हिशोब नंतर कळतो.

मागच्या महिन्यात आम्हालाही अशीच एक उचल देऊ करण्यात आली. ऊसतोडीसाठी नव्हे, फोटोंसाठी.

गेली दोन वर्षं आम्ही काही जण आमच्या भागातल्या वस्त्यांमधून बायकांच्या तोंडून पाककृती लिहून घेत आहोत. येसूर, चान्या, रक्ती, वजडी, हुलग्याचं माडगं, पाथरीची भाजी, चिघळ, तांदुळजा, आणि एकाच ज्वारीचे दहा प्रकार. मराठवाड्यात ही वाट आमच्या आधी पाडून ठेवलेली आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या खामगावचे शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. जेवणाआधीच्या श्लोकातला शब्द त्यांनी शीर्षकातच उलटा केला, आणि महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते न लाजता लिहिलं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांच्या इंग्रजी अनुवादातून ते जगभर गेलं. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका केली. 'हे ताट भारतीय नाही का?' हा प्रश्नच तिचं नाव होता. पुण्याच्या कलावंत राज्यश्री गुडी यांनी दलित आत्मकथनांतल्या अन्नाच्या उल्लेखांमधून पाककृतींच्या पुस्तिका तयार केल्या. म्हणजे शब्दांचं काम सुरू झालेलं आहे. आम्हाला त्याला बीडच्या वस्तीतल्या चित्रांची जोड द्यायची होती. कृष्णधवल पानांच्या छपाईपुरते पैसे वर्गणीतून जमले. घोडं अडलं ते फोटोंवर.

तेव्हा एका मोठ्या शहरातल्या संस्थेकडून विचारणा झाली. फोटोंचा सगळा खर्च आम्ही करू, म्हणाले. दोन दिवस स्टुडिओ, नावाजलेला छायाचित्रकार, ताट सजवणारी वेगळी व्यक्ती. आमच्यातले दोघे-तिघे तर हरखूनच गेले. आम्हीही मोहात पडलो नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मग अटी वाचल्या. चार-पाच बायकांना शहरात आणायचं. भांडी त्यांची, पितळेची आणि मातीची. रक्ती-वजडीचे फोटो 'वाचकांना जड जातील' म्हणून टाळायचे. बायकांना मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल. आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरात : सर्व छायाचित्रांचे हक्क संस्थेकडे.

या शेवटच्या ओळीकडे आपली पोरं बघतच नाहीत. म्हणून जरा थांबून कायदा सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ असं सांगतं की एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. ज्याने शिजवलं तो नव्हे, ज्याच्या घरात शिजलं तो नव्हे, ज्याचा चेहरा आहे तोही नव्हे. हा हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. उद्या त्या संस्थेने आमच्या मावशीच्या हातच्या भाकरीचा फोटो एखाद्या मसाल्याच्या कंपनीला दिला, किंवा एखाद्या हॉटेलात 'ग्रामीण चव' म्हणून भिंतीवर लावला, तर आम्हाला विचारायचीही गरज नाही. आमच्या दुसऱ्या आवृत्तीत तोच फोटो छापायला मात्र आम्हालाच त्यांच्याकडे अर्ज करावा लागेल.

फडावरच्या उचलीत निदान हंगाम संपला की माणूस घरी तरी येतो.

काही मित्र म्हणतात, तुम्ही फार ताणता. फोटोच तर आहे. चांगला निघाला, पुस्तक खपलं, समाजाचंच नाव झालं, बिघडलं काय? बिघडलं ते पितळेपाशी.

आम्ही त्या संस्थेला कळवलं की आमच्याकडच्या बायका जर्मलच्या आणि स्टीलच्या भांड्यांत स्वयंपाक करतात, त्यातच फोटो काढू. उत्तर आलं, जर्मल कॅमेऱ्यात 'गरीब' दिसतं. वाचून आम्हाला बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचे विध्वंसन' आठवलं. १९३६ च्या त्या ग्रंथात त्यांनी गुजरातमधल्या झानू गावची हकिगत दिली आहे. अस्पृश्य घरांतल्या बायका पाणी आणायला धातूची भांडी वापरू लागल्या, म्हणून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्याच ग्रंथात जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची हकिगत आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिलं, पंगतीत तूप वाढलं, आणि तूप खाण्याची हिंमत केली म्हणून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी ती पंगत उधळली. नव्वद वर्षांपूर्वी ज्यांना धातूचं भांडं धरलं म्हणून मार खावा लागला, त्यांच्या वंशजांना आज सांगितलं जातं की फोटोपुरतं पितळ धरा, तुमचं जर्मल आम्हाला बघवत नाही.

आणि दुसरी अट मातीच्या गाडग्यांची! आज आमच्या वस्तीत बहुतेक घरी गॅस आहे, मिक्सर आहे, काही घरी फ्रिज आहे. हे आमच्या लेकींनी शिकून, नोकरी करून, कर्ज फेडून आणलेलं आहे. तो फ्रिज फोटोत आला की म्हणे 'अस्सलपणा' जातो. म्हणजे आमचं जर्मल खरं असूनही चालत नाही, कारण ते गरीब दिसतं; आणि आमचा मिक्सर खरा असूनही चालत नाही, कारण तो पुरेसा गरीब दिसत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्दिये शिकलो होतो, अभिरुची हीदेखील वर्गाची मालमत्ता असते, वगैरे. परीक्षेत त्यावर वीस गुणांचं उत्तर लिहिलं. समजलं मात्र ते या दोन अटी एकाखाली एक वाचल्यावर.

कॅमेरा आमच्याकडे पहिल्यांदा येत नाही. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली, तेव्हा किती तरी गाड्या या जिल्ह्यात आल्या. ती बातमी व्हायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण कोपीपुढे बसवून, पदर नीट करायला सांगून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत प्रश्न विचारून काढलेले ते फोटो त्या बायकांपर्यंत कधी परत आले का? आम्ही वस्तीत विचारून पाहिलं. एका घरात एक कात्रण निघालं, तेही किराणा दुकानदाराने आणून दिलेलं. म्हणून आमचा पहिला नियम झाला : जिचा फोटो, तिच्या हातात त्याची छापील प्रत, पुस्तकाच्या आधी. ती 'नको' म्हणाली तर तो फोटो गेला. संमतीचा कागद सोप्या मराठीत लिहायचा, तिला वाचून दाखवायचा, आणि त्याची एक प्रत तिच्याकडे ठेवायची.

आता आपल्याच घरातला वाद. हा आम्हाला बाहेरच्या संस्थेपेक्षा जड गेला.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सुनावलं, बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं आणि तुम्ही त्याचे रंगीत फोटो छापणार? त्यांचा राग आम्ही उडवून लावत नाही. महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचं आवाहन केलं, आणि आमच्या पणज्यांनी गावकीची कामं नाकारत, मार खात ते सोडलं. पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर जो ग्रंथ लिहिला, त्यात गोमांसाचा आणि मृतमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला. लपवला नाही. सोडणं वेगळं आणि पुसून टाकणं वेगळं. सक्तीने काय खावं लागलं, टंचाईतही हुशारीने काय टिकवलं आणि आज आवडीने काय खातो, या तिन्ही गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या ठेवाव्या लागतील. तेवढं त्या ज्येष्ठांचं आम्ही ऐकलं. पडीच्या मांसाची पाककृती आम्ही पुन्हा शिजवणार नाही, त्याचा देखावा उभा करणार नाही, फोटो तर नाहीच. तिथे फक्त आजीचं सांगणं छापू. बकऱ्याची वजडी आणि रक्ती आजही लोक पैसे मोजून आणतात आणि मिटक्या मारत खातात. त्यांचा फोटो असेल आणि चांगला असेल.

या जागी एक इशारा द्यायला हवा, कारण काही उत्साही पोरांनी 'छापा ना बिनधास्त' असा सूर लावला आहे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आलेलं मांस बाळगण्याबद्दलचं कलम रद्द केलं, पण इथल्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. म्हैसवर्गावर तशी सरसकट बंदी नाही, प्रमाणपत्र लागतं. चान्या सुकत घातल्याचा फोटो छापताना मांस कशाचं आहे हे ओळीत स्पष्ट लिहायचं, खरेदीची पावती जपून ठेवायची, आणि त्या पानावर कुणाही बाईचा चेहरा, घराचा दरवाजा, गल्लीची खूण येऊ द्यायची नाही. शौर्य पुण्या-मुंबईत बसून लिहिणाऱ्याचं आणि जमाव वस्तीत राहणाऱ्या बाईच्या दारात, असला व्यवहार आम्हाला मान्य नाही.

इतरांना एवढं सुनावल्यावर आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वतः खर्च करायचं ठरल्यावर आम्ही पहिलं अंदाजपत्रक केलं. छायाचित्रकार, प्रवास, किराणा, छपाई, चहापाणी. वस्तीतल्या बैठकीत ते वाचून दाखवलं. साठीतली एक मावशी ऐकून घेत होती. म्हणाली, "आरं बाबांनो, त्या फोटूवाल्याला दिसाचे चार हजार. आन मी दिसभर चुलीम्होरं बसणार, माझा रोज कुठं लिव्हलाय?"

लिहिलाच नव्हता. ती ओळच नव्हती. जयंतीला पाचशे माणसांचा स्वयंपाक बायका फुकट करतात, शिबिरात करतात, आणि आम्ही मंचावरून स्त्रीमुक्तीवर बोलून त्याच पंगतीत जेवतो. संस्थेने प्रमाणपत्र देऊ केलं म्हणून आम्ही चिडलो होतो. आम्ही तर तेवढंही देऊ केलं नव्हतं.

दुसरं अंदाजपत्रक असं आहे. सहा दिवस काम. छायाचित्रकार आपल्याच तालुक्यातला, लग्नाचे फोटो काढणारा पोरगा, दिवसाला ४,००० प्रमाणे २४,०००. रोज तीन बायका, प्रत्येकीला १,००० प्रमाणे १८,०००. किराणा, मांस, सरपण ९,०००. प्रवास ७,०००. रंगीत छपाईसाठी १५,०००. एकूण ७३,०००. फोटोवाल्याचा दर जास्त का, याचं उत्तर त्याने कॅमेऱ्याच्या हप्त्यांचा कागद दाखवून दिलं. मावशीने ते मान्य केलं, आम्हीही केलं. त्याच्याशी लेखी करार आहे. हक्क स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या गटाकडे राहतील, आणि आपलं काम म्हणून तो ते फोटो स्वतःच्या दुकानात दाखवू शकेल. कायद्याने हक्काचं हस्तांतर लेखीच लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते. म्हणून मुदतही लिहिली आहे.

रंगीत छपाई १५,००० मध्ये कशी बसवली, असं दोघांनी विचारलं. पुस्तक १६ पानांच्या फॉर्मने छापलं जातं. फोटो पुस्तकभर विखुरले तर प्रत्येक फॉर्म चार रंगांत जातो आणि खर्च कितीतरी वाढतो. सगळे रंगीत फोटो एकाच फॉर्ममध्ये, आर्ट पेपरवर, पुस्तकाच्या मध्यभागी घेतले की बाकीची पानं साध्या मॅपलिथोवर एका रंगात होतात. मग १६ पानांत बसतील तेवढेच, म्हणजे चोवीस-पंचवीस फोटो. निवड करावी लागली आणि ते बरंच झालं. जे शब्दांत सांगता येतं त्याचा फोटो नाही. येसूर कितपत तांबूस भाजायचा, चान्यासाठी मांसाची पट्टी किती पातळ हवी, वजडी धुऊन पांढरी झाली हे कसं ओळखायचं, भाकरी थापताना कडेला तळवा कसा फिरतो, हे फोटोशिवाय कळत नाही. नुसत्या भरलेल्या ताटाचे फोटो चारच आहेत.

यावर एक आक्षेप असाही आला की फोटो हवेतच कशाला? कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० पासून घराघरांत गेली ती वाटी-चमच्याच्या मापावर. खरं आहे. माप हे फोटोच्या आधी येतं, आणि आमच्याकडे मूठ, ओंजळ आणि 'उलीसं' यांना वाटीत बसवायचं काम अजून चालूच आहे. पण 'रुचिरा'तल्या बऱ्याचशा पदार्थांचं रूप तिच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर आधीच होतं. आमच्या पुण्यात वाढलेल्या भाच्यांनी चान्या पाहिलेला नाही. काहींनी तो शब्द घरी ऐकलाय, तोही आवाज खाली करून उच्चारलेला.

तारखा कॅमेऱ्याच्या सोयीने ठरत नाहीत, ऊसतोडीच्या हिशोबाने ठरतात. दिवाळीच्या सुमारास निम्मी वस्ती पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. म्हणून वाळवणाचे आणि चान्याचे दोन दिवस मे महिन्यात. पाथरी, कुर्डू, चिघळ, तांदुळजा यांचे दोन दिवस पावसाळ्यात, पानं कोवळी असताना. उरलेले दोन दिवस जानेवारीत थेट फडावर, कोपीपाशी, कारण आमच्या बायकांचा वर्षातला जवळजवळ निम्मा स्वयंपाक तिथे होतो, पहाटेच्या अंधारात, तीन दगडांवर. (हुरड्याचा फोटो राहिला. हुरडा होतो तेव्हा आमची माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडत असतात. हुरडा पार्ट्यांचे फोटो इतरांकडे भरपूर आहेत.) पत्र्याच्या घरात उजेड कमी असतो, तेव्हा ताट दारात आणायचं, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उजेडाच्या समोरच्या बाजूला पांढरी चादर धरायची. फ्लॅश मारायचा नाही, तर्रीवर पांढरा डाग पडतो. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर नुसते पाठवायचे नाहीत, त्यांचा आकार घटतो आणि छापताना ते फाटतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्यायची.

राहिला पैशांचा प्रश्न. समाज पुस्तकाला पैसे देत नाही, नाचगाण्याला देतो, असं म्हणून हात झटकणारे खूप आहेत. शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले, हे आपण भाषणात सांगतो. 'बहिष्कृत भारत'चं ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा जाब बाबासाहेबांनी आपल्याच समाजाला अग्रलेखातून विचारला होता, हे सांगत नाही. आणि १४ सप्टेंबर १९५६ चं त्यांचं नेहरूंना लिहिलेलं पत्र तर फारच थोड्यांनी वाचलेलं असतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' छापायला सुमारे वीस हजार रुपये खर्च येणार होता, आणि तो आवाक्याबाहेर होता. सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात, एवढंच त्यांनी मागितलं. प्रती घ्या आणि किंमत द्या, म्हणाले. अनुदान मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहरूंनी कळवलं की त्या कामासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो. ग्रंथ बाबासाहेबांच्या हयातीत निघाला नाही.

आम्ही त्याच मार्गाने जात आहोत. पुस्तकाची किंमत ३०० रुपये. छपाईआधी घेणाऱ्याला २५०. असे ३०० जण मिळाले की ७५,००० होतात, फोटोंचा सगळा खर्च निघतो आणि दोन हजार वर उरतात. आजपर्यंत ११४ नावं झाली आहेत. त्यात ऊसतोड करणाऱ्या बारा जणी आहेत, ज्यांनी दोघी-तिघींत मिळून एक प्रत घेतली. प्राध्यापक मंडळी किती, ते आम्ही इथे लिहीत नाही. त्यांना अजून वेळ आहे. कुणी एकट्याने पंधरा-वीस हजार देतो म्हणालं तर आम्ही घेत नाही. एका माणसाच्या दहापेक्षा जास्त प्रती नोंदवायच्या नाहीत, असं बायकांच्या बैठकीत ठरलं आहे.

जमाखर्चाची वही दर पौर्णिमेला विहारात मोठ्याने वाचली जाते, मावशीच्या रोजासकट. ज्यांच्या घरी जुन्या लग्नांच्या पंगतींचे, जयंतीच्या भंडाऱ्यांचे, नागपूरच्या वाटेवर सोडलेल्या शिदोऱ्यांचे फोटो पडून असतील, त्यांनी ते घेऊन यावेत. आम्ही तिथेच प्रत काढून घेऊ आणि मूळ फोटो तुमच्या हातात परत देऊ. मेच्या दोन दिवसांसाठी मांस कापायला धारदार विळी आणि वाळत घालायला दोन बाजा हव्या आहेत. बाजा मिळाल्या, विळी अजून मिळालेली नाही.

जय भीम.